भेग भरण्याआधी

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत, म्हणून २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ छापून आली आणि त्या हळहळीत एक गोष्ट मागे पडली. टॅक्सी गेली, पण पद्मिनी गेलेली नाही. खासगी मालकांच्या घरी, वाड्यांच्या पडव्यांत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती अजून उभी आहे. कुणाच्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. कुणी गेल्या वर्षी हौसेनं विकत आणलेली. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट या नावानं ही गाडी निघू लागली, १९७२ मध्ये ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. हे पुस्तक या गाडीच्या, आणि तिच्या पिढीतल्या इतर गाड्यांच्या, आतल्या प्लॅस्टिकबद्दल आहे.

यंत्र जगवण्याची विद्या आपल्याकडे शाबूत आहे. १०८९ सीसीचं ते इंजिन उघडून पुन्हा बांधणारे मिस्त्री अजून आहेत. बुश झिजलं तर लेथवाला नवं करून देतो. पत्रा सडला तर डेंटर तुकडा ठोकून, आकाराला आणून वेल्ड करतो. रेक्झिन फाटलं तर कुशनवाला दोन दिवसांत सीट नवी करतो. पण स्टिअरिंगखालचं आवरण तडकलं, हँडगेअरच्या दांड्याची मूठ फुटली, वायपरचं बटण हातात आलं, की हीच कुशल माणसं मान हलवतात. ‘साहेब, प्लॅस्टिकला काही होत नाही. दुसरं बघा.’

दुसरं बघायचं कुठे? कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोरबाजार, रविवारी आणि बुधवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार. तिथे अजून कधी कधी हवा तो भाग मिळतो. मात्र तोही तितकीच वर्षं त्याच उन्हात काढून आलेला असतो आणि बसवताना स्क्रूच्या पहिल्या आवळणीला त्याच जागी तडकतो. नवा भाग कुणी बनवत नाही, त्याचं कारण सरळ आहे. लोखंडाचा एकच नग घडवता येतो. प्लॅस्टिकचा भाग मात्र पोलादी साच्यात दाबानं वितळलेलं प्लॅस्टिक घालून तयार होतो. तो साचा फार महाग. हजारो नग काढायचे असतील तरच तो परवडतो. गाडी बंद झाली की साचे भंगारात जातात आणि कारखान्यातलं सर्वांत स्वस्त असलेलं ते बटण, तो खटका, ती जाळी, एकदम गाडीतला सर्वांत दुर्मिळ भाग होऊन बसते.

म्हणून तुटलेला मूळ भाग वाचवायचा. आणि वाचवायचा तर तो का तुटला हे आधी समजून घ्यायचं. या पुस्तकाचा सगळा आग्रह एवढाच आहे. गोंद कोणता वापरू, हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि तो प्रश्न बरोबरच आहे, पण त्याचा क्रम तिसरा. पहिला प्रश्न: भेग कशानं पडली? दुसरा: हे प्लॅस्टिक कोणतं? ही दोन उत्तरं हातात नसताना भरलेली भेग दुसऱ्या उन्हाळ्यात शेजारी उघडते.

भेगेच्या कारणांत ऊन पहिलं. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूसाखळ्या तोडतात. एबीएस या प्लॅस्टिकात चिवटपणा येतो तो ब्युटाडाइन या रबरासारख्या घटकामुळे, आणि ऊन नेमकं त्यालाच आधी खातं. वरचा थर पिवळा पडतो, कडक होतो, आणि त्या कडक थरात सुरू झालेली केसासारखी चीर खालच्या चांगल्या थरात उतरते. रेक्झिन आणि डॅशबोर्डवरची गादीची कातडी ही पीव्हीसीची. तिला मऊ ठेवण्यासाठी प्लॅस्टिसायझर नावाचे तेलकट पदार्थ घातलेले असतात. गाडी तापली की ते वर्षानुवर्षं थोडे थोडे उडून जातात. बंद गाडीच्या पुढच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर बसतो, त्यात बराचसा भाग या पदार्थांचा असतो. काच पुसताना तो फडक्याला लागतो, तेव्हा आपल्या डॅशबोर्डचा मऊपणाच आपण पुसून काढत असतो.

दुसरं कारण उष्णता, आणि तिचं काम जास्त कपटी आहे. भर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. आता हिशेब करून बघा. एबीएसची एक मीटर लांब पट्टी ५० अंशांनी तापली तर सुमारे साडेचार मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचा पोलादी पत्रा वाढतो जेमतेम ०.६ मिलिमीटर. हे दोघं स्क्रूनं एकमेकांना जखडलेले असले, तर दर दुपारी प्लॅस्टिक पसरायला बघतं, स्क्रू त्याला पसरू देत नाही, आणि रात्री गार होताना ते उलट ओढलं जातं. वर्षाला ३६५ वेळा. कारखान्यातल्या इंजिनिअरांना हे ठाऊक होतं. म्हणून अशा लांब भागांची स्क्रूची भोकं लांबट ठेवतात, भाग सरकायला जागा मिळावी म्हणून. पुढे कुणीतरी खडखड आवाज घालवायला त्या भोकात जाडा स्क्रू घालतो, वर मोठा वायसर लावतो, आणि ताकदीनं आवळतो. आवाज थांबतो. पुढच्या वैशाखात स्क्रूपासून कडेपर्यंत तडा जातो. मी जेवढे तडकलेले भाग हातात घेतले, त्यांतल्या बहुतेकांच्या तड्याची सुरुवात अशी स्क्रूच्या भोकापाशी झालेली होती. ते भोक पुन्हा लांबट केलं, स्क्रू बेताचा आवळला, तर अर्धी दुरुस्ती तिथेच झाली.

आता ओळख. १९९० च्या आधीच्या भागांवर बहुधा आतल्या बाजूला प्लॅस्टिकचं नाव छापलेलं नसतं, त्यामुळे आपणच शोधावं लागतं. आतल्या, न दिसणाऱ्या कडेचा नखाएवढा तुकडा काढा आणि पाण्यात टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन. बुडाला तर बाकीच्यांपैकी कुणीतरी. मग त्याच आतल्या बाजूला कापसाच्या काडीनं अ‍ॅसिटोनचा एक ठिपका द्या. जागा चिकट झाली, काडी ओढताना तार आली, तर एबीएस समजायला हरकत नाही. काहीच झालं नाही आणि तुकडा बुडणाराही आहे, जड आणि काळा-तपकिरी आहे, तुटलेली कड काचेसारखी आहे, तर ते बेकेलाइट असण्याचा संभव मोठा. लिओ बेकलंडनं १९०७ मध्ये शोधलेलं हे प्लॅस्टिक जुन्या गाड्यांच्या बटणांत आणि विजेच्या भागांत खूप वापरलं गेलं. एकदा घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही आणि विरघळतही नाही. जाळून ओळखण्याची पद्धतही या पुस्तकात आहे, पण ती उघड्या हवेत, चिमट्यात धरलेल्या कणाएवढ्या तुकड्यावर, नाक लांब ठेवून करायची. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं. ते फुप्फुसाला इजा करतं. घाईत हुंगून बघायची गोष्ट नाही ती.

ओळख पटली की वाट ठरते. एबीएसला अ‍ॅसिटोन विरघळवतो, म्हणून तिथे खरा सांधा करता येतो. दोन तुकडे चिकटत नाहीत, एक होतात. पॉलिप्रॉपिलीनला अ‍ॅसिटोन काही करत नाही आणि बहुतेक गोंद त्यावरून कातडीसारखे सोलून निघतात. तिथे गरम हवेच्या बंदुकीनं आणि त्याच जातीच्या कांडीनं वेल्डिंग करायचं, १६० अंशांच्या आसपास ते वितळतं. बेकेलाइटला फक्त इपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइटच्या जातीचा दोन नळ्यांचा गोंद. पारदर्शक भाग, म्हणजे मीटरवरची काच वगैरे, बहुधा अ‍ॅक्रिलिकचे. त्यांना अ‍ॅसिटोन किंवा थिनरचं फडकंही लावू नका, पृष्ठभागावर बारीक जाळी उमटते आणि ती परत जात नाही.

एबीएसच्या कामाबद्दल सविस्तर सांगतो, कारण घरच्या टेबलावर शिकायला ते सर्वांत सोयीचं. तडकलेल्या भागातून, किंवा त्याच गाडीच्या एखाद्या पार फुटलेल्या भागातून, बारीक कपचे काढायचे. ते धातूच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत घालून बुडतील एवढा अ‍ॅसिटोन ओतायचा आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी काकवीसारखा दाट, काळा रस तयार असतो. हाच आपला गोंद आणि हीच आपली पुट्टी. तिचा रंग आणि जात मूळ भागाचीच. भाग आधी साबणाच्या पाण्यानं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ करायचा. वर्षानुवर्षं ज्यांनी डॅशबोर्डला चकचकीत करणारं सिलिकॉनचं पॉलिश मारलं असेल, त्यांनी ही धुलाई तीनदा करावी. सिलिकॉन राहिलं तर गोंद बसत नाही आणि पुढे रंगातही माशांच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

भेगेच्या टोकाशी थांबा. भेग जिथे संपलेली दिसते तिथे ती थांबलेली नसते, पुढच्या धक्क्याची वाट बघत असते. १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश इंजिनिअरनं जहाजबांधणीच्या अभियंत्यांपुढे गणितानं दाखवून दिलं की पत्र्यावरचा ताण भेगेच्या अणकुचीदार टोकाशी कित्येक पटींनी एकवटतो, आणि टोक जितकं बारीक तितका जास्त. त्यावरचा उपाय मेकॅनिकांना पूर्वीपासून ठाऊक होता. भेगेच्या अगदी टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं. टोकच राहत नाही, गोलाईवर ताण वाटला जातो, भेग पुढे सरकत नाही. ड्रिल हातानं फिरवायचं, मशीन लावलं तर प्लॅस्टिक वितळतं किंवा कपचा उडतो. टोक नीट दिसत नसेल तर भाग हलकेच वाकवून उजेडाकडे धरा, शेवटची केसभर चीर पांढरी दिसते. भोक त्या शेवटच्या चिरेवरच पडायला हवं. अलीकडे पाडलं तर सगळी मेहनत फुकट.

मग आतल्या बाजूनं भेग थोडी रुंद करून व्हीच्या आकाराची खाच करायची. सांध्यावर गंज न चढणारी बारीक पोलादी जाळी ठेवायची, आणि रस पातळ थरांत भरायचा. एक जाड थर कधीच नाही. अ‍ॅसिटोन उडून जाताना रस आक्रसतो. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि भागालाच वाकडं ओढतो. प्रत्येक थराला काही तास, शेवटच्या थराला निदान एक पूर्ण दिवस. समोरच्या बाजूला कमीत कमी हात लावायचा. अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते, तेव्हा देवघरातलं निरांजन, गॅसची शेगडी, विडी, सगळं त्या खोलीबाहेर.

या ठिकाणी झटपट गोंदाबद्दल बोललं पाहिजे. ज्या थेंबाला सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणतात आणि जो प्रत्येक घराच्या फ्रिजमध्ये असतो, त्याची मला या कामात मनापासून भीती वाटते. तो काही क्षणांत घट्ट होतो, कठीण होतो आणि ठिसूळ होतो. गाडीच्या कंपनांना तो पुरत नाही. याहून मोठं नुकसान म्हणजे एकदा तो भेगेत शिरला की अ‍ॅसिटोनचा खरा सांधा तिथे होऊ शकत नाही, आधी तो सगळा खरवडून काढावा लागतो आणि खरवडताना मूळ प्लॅस्टिक जातं. त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरट डाग पडतात ते वेगळंच. तुटलेले दोन तुकडे जुळवून क्षणभर धरून ठेवायला एक टिंब, एवढाच त्याचा मान.

स्टिअरिंगचं काम वेगळं, आणि मला सर्वांत प्रिय. त्या काळच्या अनेक गाड्यांचं स्टिअरिंग म्हणजे आत पोलादी कडं आणि वर कठीण प्लॅस्टिकचा लेप. सेल्युलोजपासून केलेलं ते प्लॅस्टिक वयाबरोबर आक्रसतं. आतलं कडं आक्रसत नाही. लेप ताणला जातो आणि जिथे आरे कड्याला मिळतात तिथे आधी फाटतो. मग पावसाळ्यात भेगेतून ओल आत जाते, कडं गंजतं, गंज फुगतो आणि भेग आतून रुंद करतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे वेगानं होतं. म्हणून इथे वरवर पुट्टी भरणं म्हणजे गंजाला झाकण घालणं. भेग कानशीनं पार लोखंडापर्यंत उघडायची. तीन-चार मिलिमीटर रुंद झाली तरी कचरायचं नाही. लोखंड चकाकेपर्यंत घासायचं, गंजरोधक लावायचं. मग इपॉक्सी पुट्टी बोटानं तळापासून दाबत भरायची, हवेचा फुगा आत राहू द्यायचा नाही, आणि पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवायची. चोवीस तास हात लावायचा नाही. नंतर अर्धगोल कानस, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, १२०, २२०, शेवटी पाणी लावून ४००. तोंडाला मास्क हवाच. सांधा जुळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. डोळे मिटून कड्यावरून अंगठा फिरवायचा. अंगठा जिथे अडेल तिथे अजून काम आहे. स्टिअरिंगच्या मागच्या बाजूला, बोटं वळून बसतात तिथे, घडाईतच उठवलेले खाचखळगे असतात. ते पुट्टीत गोल कानशीनं पुन्हा कोरावे लागतात. घाई करणारे ही पायरी गाळतात, आणि गाडी चालवणाऱ्याच्या बोटांना ते पहिल्याच वळणावर कळतं.

डॅशबोर्डवरची गादी फाटली असेल तर मात्र मी मालकाला कुशनवाल्याकडे पाठवतो. खालचा फोम बोटानं दाबला की भुगा होत असेल, तर वरची कातडी किती सुंदर जोडली तरी ती बसत नाही. त्या कामावर या पुस्तकात एक छोटं प्रकरण आहे.

थ्रीडी प्रिंटिंगचा प्रश्न हल्ली प्रत्येक तरुण मालक विचारतो. जो भाग पूर्ण हरवला आहे, ज्याचा तुकडाही उरला नाही, त्यासाठी ही मोठी सोय आहे आणि तिचं मी स्वागत करतो. फक्त बाजारातल्या स्वस्त प्रिंटरवरचं नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक वापरू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातल्या पहिल्याच दुपारी ते बटण लवेल. एएसए मागा. ते एबीएसच्या जवळचं, पण उन्हात टिकणारं आहे. आणि मूळ भागाचे तुकडे हातात असतील तर आधी ते जोडा, मग त्या जोडलेल्या भागावरून माप घ्या. ज्या गाडीत हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेली मूठ आहे, तिथे प्रिंटरच्या रेषा असलेली मूठ बसवणं मला पटत नाही.

मूळपणाला आता कायद्याच्या दृष्टीनंही अर्थ आला आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. या नियमांत मोठ्या फेरबदलांच्या संदर्भात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, बटणांचा नाही. पण १९७४ ची पहिली पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिचं इंजिन मूळ, बॉडी मूळ, आणि आत मात्र सगळ्या मुठी दुसऱ्याच गाडीच्या असतील, तर ती गाडी दारापर्यंतच खरी वाटते. आत बसल्यावर हात ज्या ज्या गोष्टींना लागतात त्या बहुतेक प्लॅस्टिकच्याच असतात. घरातल्या माणसांचा हात गाडीच्या ज्या भागांवर खरोखर फिरला, ते हेच भाग.

हे पुस्तक मालकांसाठी आहे आणि मिस्त्रींसाठीही. मालकांना मी सांगेन की सुरुवात स्टिअरिंगनं करू नका. पायाजवळच्या, कुणाला न दिसणाऱ्या आवरणानं करा. मिस्त्रींना एवढंच सांगेन की तुमच्या हातात लोखंडाची जी समज आहे ती प्लॅस्टिकलाही लागू पडते. तुम्ही पत्रा कुठे ताणला आहे हे बघून ओळखता, तसा ताण इथेही असतो, फक्त तो आवाज न करता वाढतो. प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम कारण, ओळख, सफाई, सांधा, फिनिशिंग असा लावला आहे. कृपा करून सांध्याच्या प्रकरणावर थेट उडी मारू नका.

आणि आज गाडी उघडणार असाल, तर हातात येणारा प्रत्येक कपचा, अगदी तांदळाएवढा, एका पिशवीत जमा करा. पिशवीवर कोणत्या भागाचा, कुठल्या बाजूचा ते लिहा. जोडताना त्यातला एखादा तुकडा नेमक्या जागी बसतो, आणि जे कुठेच बसत नाहीत ते अ‍ॅसिटोनच्या बाटलीत जातात.